तुम्ही विचारलंत म्हणून: परत कंपनीचाच हेडर का लावला?

"दादा, तुमच्या गाडीला तर बाहेरचा हेडर होता ना, मग परत कंपनीचा का लावलात?" हा एक प्रश्न. (हेडर म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांमधून निघणारा धूर गोळा करून पुढे सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या.) आणि त्याच्या मागोमाग येणारा दुसरा, "बरं ते जाऊ दे, स्वस्तात पॉवर वाढवायची तर आधी काय घेऊ, हेडर, सायलेन्सर की फिल्टर?" हे दोन प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेलेत की आता कुणी नुसतं बॉनेट उघडायला सांगितलं तरी मी आपोआप सफाई द्यायला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पुढे करीन.

गाडी तुम्हाला माहितीये. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९९० ची, १.६ चं इंजिन. तिचं कौतुक सांगत बसत नाही. फक्त एक आकडा लक्षात ठेवा: कंपनीच्या कागदावर ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर, तीही गाडी नवी असताना आणि इंजिनपाशी मोजलेली. चाकापर्यंत येईस्तोवर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपापला वाटा खातात आणि नव्वदच्या घरात काहीतरी उरतं. म्हणजे तुम्ही जेव्हा "पंधरा हॉर्सपॉवर तरी वाढेल ना?" असं विचारता तेव्हा तुम्ही एका पाइपकडून इंजिनचा सहावा हिस्सा मागताय. मी पण मागितला होता, म्हणून हसत नाहीये.

आता कबुली. मी हेडर पॉवरसाठी घेतला नव्हता. एका मित्राच्या गाडीत बसलो होतो, बोगद्यात त्याने तिसरा गिअर खेचला आणि तो आवाज माझ्या डोक्यात बसला. घरी आल्यावर मी सगळ्यांना, बायकोला, भावाला, स्वतःला, असं सांगितलं की इंजिनला "श्वास घ्यायला" जागा पाहिजे. आवाज आवडला म्हणून पैसे घालतोय असं सरळ म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण आपल्याला कारण शास्त्रीय लागतं.

बरं, शास्त्र सुद्धा अर्धवट ऐकलेलं. कुणी म्हणायचं इंजिनला थोडं बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला मागून अडवणारा दाब, लागतंच, कुणी म्हणायचं जितका जाड पाइप तितकी पॉवर जास्त. दोन्ही चूक आहे आणि दोन्ही मी छातीठोकपणे लोकांना ऐकवलंय. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतं. पाहिजे असतो वायूचा वेग, म्हणजे एका सिलिंडरचा धूर जोरात बाहेर पडताना मागे जी पोकळी होते ती दुसऱ्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. पाइप गरजेपेक्षा जाड केला की वेग मेला आणि खालच्या आरपीएमचा पिकअप गेला, आणि लोक म्हणतात बघ बॅकप्रेशर कमी झालं. टर्बो नसलेल्या एवढ्याशा इंजिनला सव्वादोन इंचाचा पाइप पुरेसा होतो. मी अडीच इंची घातला होता, कारण दिसायला भारी दिसत होता.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे या १.६ ला कंपनीनेच स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा हेडर दिलेला असतो. बहुतेक साध्या गाड्यांना हेडरच्या जागी बिडाचा जाडजूड मॅनिफोल्ड असतो, तो बदलला तर फरक पडतो. इथे जे बदलायचं होतं ते आधीच बऱ्यापैकी चांगलं होतं. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

तर झालं असं. हेडर आला, स्वस्तातला, टायरच्या एका सेटपेक्षा कमी पैशात. चकाचक. भाऊ आणि मी एका रविवारी बसवला, दोन स्टड तुटले, एक गॅस्केट परत आणावं लागलं, संध्याकाळी गाडी सुरू केली आणि खरं सांगतो, मजा आली. आवाज खणखणीत. जुना हेडर एका ओळखीच्या मुलाला फुकट देऊन टाकला. "घेऊन जा, मला काय उपयोग." हे वाक्य लक्षात ठेवा.

महिन्याभरात टिक टिक सुरू झाली. सकाळी थंड इंजिनला, ॲक्सिलरेटर दिला की टिकटिकटिक. आता या इंजिनचे हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हपाशी फट राहू न देणारे छोटे भाग) वाजतात ही जगजाहीर गोष्ट आहे, ऑइल जुनं झालं की वाजतात, गाडी बरेच दिवस उभी राहिली की वाजतात. मी म्हटलं टॅपेट. ऑइल बदललं. आवाज तसाच. मी म्हटलं हट्टी टॅपेट. गाडी तापली की पाच-दहा मिनिटांत आवाज जायचा, त्यामुळे मी विसरून जायचो. नंतर ॲव्हरेज पडायला लागलं, त्याचा दोष मी माझ्या पायाला दिला, आवाज छान असल्यावर पाय जड होतोच. मग एकदा भाऊ मागून त्याच्या गाडीत येत होता, उतरल्यावर म्हणाला, "तुझ्या मागे चाललं की डोळे चुरचुरतात रे, पेट्रोलचा वास येतो." मला काय वाटलं असेल? अभिमान. हो. मला वाटलं रेसिंगच्या गाडीसारखा वास येतोय.

असे नऊ महिने.

हेडर लावायच्या आधी मी गाडी एकदा डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजतात त्या मशीनवर, नेली होती, चाकावर ९१ भरली होती. नऊ महिन्यांनी तिथेच परत गेलो, मनात १०० चा आकडा होता आणि दोन मित्रांना बघायला बोलावलं होतं, हे पण सांगून टाकतो. गाडी पट्ट्यांनी बांधली, समोर मोठा पंखा लावला, ऑपरेटरने चौथा गिअर टाकला (या गाडीचा चौथा एकास एक असतो म्हणून त्यातच मोजतात) आणि दाबली. तीन हजार, चार हजार, आवाज तर असा की मित्राने मोबाइल काढला. पाच हजारांनंतर स्क्रीनवरची रेषा वर जायच्या ऐवजी आडवी झाली. साडेसहा हजारांपर्यंत आडवीच. ८४.

मी म्हटलं पुन्हा करा. ८४. तिसऱ्यांदा ८३.

ऑपरेटर वयाने मोठा माणूस होता, काही बोलला नाही. गाडी लिफ्टवर घेतली, रबरी हातोडी घेतली आणि कॅटवर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातला विषारी भाग कमी करणारा पाइपमधला डबा) दोनदा हलकेच मारली. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. "गेलं हे," एवढंच म्हणाला. मग वर बॉनेटखाली टॉर्च मारून मला बोटाने दाखवलं, हेडरच्या फ्लँजपाशी (इंजिनला बोल्टने बसणारी त्याची सपाट पट्टी), मागच्या बाजूला चौथ्या सिलिंडरजवळ, काजळीचा एक काळा पंखा उमटला होता, बोटभर रुंद. तिथून धूर निसटत होता. टिक टिक ती होती. थंड असताना फट उघडी, धातू तापून फुगला की फट जवळजवळ बंद, म्हणून आवाज गायब.

पुढचं सगळं ओळीने लागतं, आणि मला ते त्याच्यासमोर उभं राहून ऐकावं लागलं. फटीतून धूर बाहेर येतो तसा दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो की मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात आधीच पुरेसं होतं. जास्तीचं पेट्रोल न जळता कॅटमध्ये जातं, तिथे जळतं, कॅट प्रमाणाबाहेर तापतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळते, तुटते, तुंबते. सावकाश चालवताना हे रोज चालू होतं. आणि पूर्ण दाबल्यावर ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही हे खरं, पण तोवर पुढे बूच बसलेलं होतं. श्वास घ्यायला जागा करून दिली होती ना मी, त्याच श्वासाच्या नळीत.

त्यातला एक मित्र अजून तो व्हिडिओ दाखवतो.

हेडर काढला तेव्हा फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून बघितली. चौथ्या सिलिंडरपाशी पट्टीखालून उजेड दिसत होता. स्वस्त हेडरची फ्लँज पातळ असते, गरम-गार होऊन वाकते. नव्या मालावर ही पट्टी ठेवून बघायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट मी दिला नव्हता.

मग त्या मुलाला फोन केला, हेडर परत मिळेल का म्हणून. तो म्हणाला, "अरे दादा, लावला ना मी, माझा तर तडकलेला होता, गाडी एकदम मस्त झाली, थँक यू हां." काय बोलणार. शेवटी एका मोडीत निघालेल्या गाडीचा मिळाला. नवं कॅट घेतलं. बरेच जण म्हणाले कॅट घेऊच नको, सरळ पाइप टाक, स्वस्तात काम आणि पॉवर फुकट. नाही टाकला. एक तर ते कायद्यात बसत नाही, आणि माझ्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होतं हे मला आता घरच्याच माणसाकडून कळलेलं होतं.

आता दुसरा प्रश्न, आधी काय घेऊ. माझं उत्तर लोकांना आवडत नाही, चेहरा पडतो. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. चार सिलिंडरचे चार आकडे कागदावर लिहा, एखादा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर हेडरचे पैसे खिशातच ठेवा. मग प्लग आणि प्लगच्या वायरी, या गाडीच्या वायरी जातात आणि गाडी सरळ बंद न पडता नुसती कुरकुरते. ऑक्सिजन सेन्सर किती वर्षांचा आहे बघा. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. हे मात्र खरंच जवळजवळ फुकट आहे: इंजिन गरम करा, बॉनेटखालच्या डायग्नॉस्टिक डबीत टेन आणि जीएनडी लिहिलेल्या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडा, टायमिंग लाइट लावा, हेडच्या मागच्या बाजूचा कॅम अँगल सेन्सर किंचित सैल करून केसभर फिरवा. कंपनीचं १० डिग्री असतं, बरेच जण १४ वर नेतात, मीही नेलंय. खालचा पिकअप जाणवतो. पण या इंजिनला नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोठो ओळखणारा) नाही, म्हणजे चुकलात तर गाडी स्वतःला वाचवणार नाही, त्यामुळे चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल घाला आणि चढावर कान उघडे ठेवा.

उघडा कोन फिल्टर घेऊ नका. माझ्याकडे होता, पुसून ठेवलाय. बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी कमी होते, आणि १.६ मध्ये खरा अडथळा फिल्टर नाहीच, त्यामागचा झडपेचा एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) आहे. आवाज छान येतो पण. परत आवाज.

वजनाचं कुणी विचारत नाही. गाडी हजार किलोच्या आतबाहेर, त्यातून ५० किलो काढलं तर ते पाच-सहा हॉर्सपॉवर वाढवल्यासारखंच. पण डिकीतला पसारा काढला हे कुणाला दाखवता येत नाही.

सगळं झाल्यावर डायनोवर ९६ भरली. आता इथे माझा जुना मी मध्ये बोलतो. तो म्हणतो, तू हेडर, कॅट, प्लग, वायरी, टायमिंग सगळं एकदम बदललंस, मग नेमकं कशाने वाढली ते तुला कसं कळलं? नाही कळलं. तो म्हणतो, सरळ फ्लँजचा चांगला हेडर लावला असतास तर ९९ झाली असती. झालीही असती. मी मोजलेलं नाही. मी एक वाकडा हेडर लावला आणि त्यावरून सगळ्या हेडरांना नावं ठेवतोय, हा त्याचा आरोप मला पूर्ण खोडता येत नाही. सायलेन्सर तर मी बाहेरचाच ठेवलाय, हे बघितलंय का कुणी? त्याबद्दल कुणी विचारत नाही. त्याने एखादी हॉर्सपॉवर वाढली असेल नसेल, तीन हजारांवर हायवेला डोकं भणभणतं, बायको त्या वेगात बोलायचं थांबते. तरी काढत नाही. कंपनीवाल्यांनी या गाडीच्या मूळ आवाजावर मुद्दाम मेहनत घेतली होती, मला तेही पटतं, आणि तरी काढत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी थंड इंजिनला पुन्हा टिक टिक आली. पोटात खड्डा पडला. रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक फ्लँजवरून हळूहळू फिरवलं, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. काही नाही. मग वर व्हॉल्व्ह कव्हरपाशी नेलं, तिथे स्पष्ट ऐकू आलं. टॅपेट. पण गाडी तापल्यावर आवाज गेला, त्यामुळे उद्या सकाळी परत नळी लावून बघणार आहे.