रात्रशाळा आणि क्यूआर कोड

परळच्या एका रात्रशाळेत मी दहावीला विज्ञान शिकवतो. दिवसभर कॅन्टीनमध्ये, दुकानात किंवा कुरिअरच्या कामावर राबून संध्याकाळी साडेसहाला वर्गात येणाऱ्या मुलांना ई-लर्निंग हे वरदान ठरेल, असे इतरांप्रमाणे मलाही वाटत होते. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठ सुरू झाले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून आले आणि पाठाचा व्हिडिओ हवा तेव्हा पाहण्याची सोय झाली. तरी माझ्या वर्गात तो कोड स्कॅन करणारी मुले बोटांवर मोजण्याइतकीच.

याचे खापर मी बराच काळ मुलांच्या आळसावर फोडले. मग एकदा एका विद्यार्थ्याला समोर बसवून कोड स्कॅन करायला लावला. त्याचे पुस्तक आधी दोघांनी वापरलेले होते आणि कोडच्या चौकटीत कुणीतरी बॉलपेनने रेघोट्या मारल्या होत्या. माझ्या पुस्तकावरचा कोड चालला, तर फोनमध्ये ॲपपुरतीही जागा नव्हती. ती करायची तर गावच्या लग्नाचे फोटो पुसावे लागणार होते. ते पुसले, तेव्हा दिवसाचा दीड जीबी डेटा संपल्याचा मेसेज आला. (त्यात रील्सचा वाटा मोठा होता, हे त्याने हसत कबूल केले.)

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय असल्याचे दिसले होते. त्यानंतर चित्र पुष्कळ बदलले. पण कुटुंबाकडे सोय असणे वेगळे आणि रात्री दहानंतर दहा बाय दहाच्या खोलीत, सगळे झोपलेले असताना, मुलाला धडा ऐकता येणे वेगळे. त्यातून हातात मोबाइल दिसला की टाइमपासच चालला असणार, असे घरच्यांना वाटते, आणि ते अगदीच चूक आहे असे मला म्हणवत नाही.

आम्हा शिक्षकांची नाखुशी वेगळ्या कारणाची आहे. व्हिडिओ आपली जागा घेईल ही भीती थोडी होतीच, पण ‘लिंक भरा, स्क्रीनशॉट पाठवा’ या तगाद्याने उरलासुरला उत्साहही मावळला. शिकवण्यापेक्षा शिकवल्याचा पुरावा गोळा करण्यातच वेळ जाऊ लागला, तर नव्या साधनाविषयी आपुलकी वाटणार कशी?

सध्या मी व्हिडिओ घरी डाउनलोड करून आणतो आणि जुन्या प्रोजेक्टरवर वर्गाच्या भिंतीवर दाखवतो. परवा अपवर्तनाच्या पाठात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, थांबवा, किरण नेमका कुठे वाकला ते परत दाखवा.” त्या दिवशी चार मिनिटांचा व्हिडिओ संपायला अख्खा तास लागला.