तुम्ही विचारलंत म्हणून: देवळालीचा ताप

"वहिनी, ह्यात तुम्हाला काय मिळतं हो?"

लॅम रोडला फिरायला निघालं की महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. कधी शेजारीण, कधी भिशीतली मैत्रीण. एकदा तर बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या काकांनी विचारलं. निमित्त असतं माझ्याबरोबर चालणाऱ्या बाईचं. ती कधी नेपाळची असते, कधी श्रीलंकेची, कधी टांझानियाची. तिचा नवरा त्याच्या देशाच्या लष्करात अधिकारी असतो आणि नाशिकजवळच्या देवळालीला, स्कूल ऑफ आर्टिलरीत म्हणजे तोफखान्याच्या शाळेत, शिकायला आलेला असतो. मी दर वेळी "बरं वाटतं" एवढंच म्हणते आणि पुढे जाते. पण तुम्ही आपुलकीने विचारता, तर एकदा नीट सांगायला हवं.

अशा कुटुंबांची मी ‘स्पॉन्सर’ असते. आधी या शब्दाचं बघू. तो ऐकला की आपल्याला गणपती मंडळाच्या कमानीवरची जाहिरात आठवते. इथे पैशाचा काही संबंध नाही. मित्र देशांच्या अधिकाऱ्यांना शिकवायचं ते सरकार-सरकारमध्ये ठरतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘आयटेक’ नावाची योजना १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झाली. मुलकी अभ्यासक्रमांबरोबर लष्करी प्रशिक्षणही तिच्यात येतं. फौजेच्या बोलीत स्पॉन्सर म्हणजे नव्याने आलेल्याला हाताशी धरणारा माणूस. गॅस कुठे मिळतो, मुलाला रात्री ताप भरला तर कुठे न्यायचं, कोणता रिक्षावाला भरवशाचा, हे सांगणारा. हे, म्हणजे माझे यजमान, त्या स्कूलमध्ये शिकवायला होते तेव्हा ही जबाबदारी आमच्या घराकडे रीतसर आली होती. निवृत्तीनंतर आम्ही इथेच घर केलं. रीतसर काही उरलं नाही, पण फोन यायचे थांबले नाहीत.

देवळाली आणि घरापासून लांब पडलेला शिपाई ही जोडी फार जुनी आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली ती ये-जा करणाऱ्या पलटणींसाठी. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन मायदेशाच्या जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं सुटायची नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्याने उन्हाळा काढायचा, वर आपला हा अख्खा पावसाळा काढायचा. हाताला काम नाही, घर समुद्रापलीकडे. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ शब्द रूढ झाला, डोकं फिरलेला या अर्थाने. मूळ शब्द होता ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण तो ताप माझ्या अंगातून गेला होता. देवळालीत नव्हे, अमेरिकेत.

वीस-एक वर्षांपूर्वी ह्यांची निवड कॅन्सस राज्यातल्या फोर्ट लेव्हनवर्थच्या कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजसाठी झाली. मिसुरी नदीकाठचं १८२७ सालचं ठाणं आहे ते. १८९४ पासून तिथे परदेशी अधिकारी शिकायला येतात. आपले जनरल बिपिन रावतही तिथे शिकलेले. तिथली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. परदेशी अधिकाऱ्याच्या कुटुंबामागे तीन स्पॉन्सर कुटुंबं जोडून देतात. एक लष्करातलं, एक लेव्हनवर्थ-लान्सिंग या लगतच्या गावांतलं आणि एक कॅन्सस सिटीतलं. म्हणजे तुम्हाला छावणीही कळते, छोटं गावही कळतं आणि मोठं शहरही.

ऑगस्टमध्ये पोचलो. पहिले दोन महिने तिन्ही घरांनी आमचे लाड केले. जेवणं, सहली, मुलासाठी खेळणी. ऑक्टोबर सरताना मला झोप लागेनाशी झाली. ह्यांना वर्ग होता, नकाशे होते, वीस देशांचे सोबती होते. मुलगा शाळेत. मी दुपारभर खिडकीत. मला गाडी चालवता येत नव्हती आणि तिथे गाडीशिवाय पावसुद्धा आणता येत नाही. सगळे इतके चांगले वागत होते की तक्रार करायला जागाच नव्हती. आपल्याला काहीच झालेलं नाही आणि तरी रडू येतंय, हे कुणाला सांगायचं? ह्यांनाही सांगितलं नाही. त्यांचा अभ्यास बिघडेल म्हणून.

गावातल्या स्पॉन्सर बाई सत्तरीच्या होत्या, एकट्या राहायच्या. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मनगट दुखावलंय, चर्चच्या जेवणासाठी भोपळे चिरायचेत, येशील का? न्यायला त्याच आल्या. तीन तास आम्ही भोपळे चिरून गर काढत होतो. मला चाकू हवा होता तो मी खण उघडून शोधून घेतला. कुणी पुढे होऊन दिला नाही. मी खुर्चीवर बसलेली पाहुणी नव्हते. ओला कचरा कुठे टाकायचा, याच्यावरून त्यांनी मला जरासं टोकलंसुद्धा. परत सोडताना गाडीतून एवढंच म्हणाल्या, "उद्या दहाला." त्या रात्री मला झोप लागली.

आणि तरी इथे माझ्यावर वेळ आली तेव्हा मी हे सगळं विसरले.

आमच्याकडे सोपवलेलं पहिलं कुटुंब टांझानियाचं. जुलै महिना, देवळालीचा पाऊस, भिंतींना ओल. नवरा तोफखान्याच्या लांबलचक कोर्सला, दिवसचे दिवस फायरिंग रेंजवर. घरी ती आणि दोन मुलं. तोफा सुटायला लागल्या की तावदानं थरथरायची आणि धाकटी कानांवर हात ठेवून रडायची. मी काय केलं? पुरणपोळ्या केल्या. मुक्तिधाम दाखवलं, पांडवलेणी दाखवली, रामकुंडावर नेलं, मिसळ खायला घातली. तिला भांडं विसळू दिलं नाही, उठून पाणी घेऊ दिलं नाही. अतिथी देवो भव म्हणतात ना, मी तिला खरोखर देव केलं. देवाला नैवेद्य दाखवतात, पण देवाला कुणी काम सांगत नाही. देवाला देव्हाऱ्यातच बसावं लागतं.

महिन्याभरात तिने दार उघडणं कमी केलं. डोकं दुखतंय, मुलं झोपलीत, अशी कारणं. मला राग आला होता. एवढं करून ही अशी, असं मी बोलूनही दाखवलं, तिला नाही, ह्यांना. हे म्हणाले, "तू कॅन्ससला ऑक्टोबरात काय करत होतीस?"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

गणपती तोंडावर आले होते. गौरींच्या सोळा भाज्या, मोदक, आणि नेमक्या कामाच्या बाई गावाला. मी तिच्या दारात गेले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, माझ्याच्याने होत नाहीये, चल. ती कमरेला तिचा खांगा गुंडाळून आली. खांगा म्हणजे त्यांच्याकडचं रंगीत सुती कापड, काठावर स्वाहिलीत म्हण छापलेली असते. भराभरा भाज्या चिरल्या. मी मोदकाची उकड काढायला घेतली, पातेल्यात लाकडी उलथनं फिरवायला लागले, तशी ती एकदम ओरडली, "उगाली!" माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि अशा दमाने घोटली ती उकड की एक गुठळी राहिली नाही. उगाली म्हणजे त्यांचं रोजचं अन्न, मक्याच्या पिठाची घट्ट उकडच. जुलैपासून तिने ती खाल्ली नव्हती. आमच्या बाजारात मिळायचं पिवळ्या मक्याचं पीठ, त्यांना लागतो पांढरा मका. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला कसं सांगायचं, या संकोचात ती बसलेली. आणि मी तिला पुरणपोळीचा आग्रह करत होते.

पांढरा मका मिळायला तीन आठवडे लागले. गिरणीवाल्या दादांनी कुठूनसा आणवला आणि वेगळा दळून दिला. पहिली उगाली तिने आमच्या स्वयंपाकघरात केली, सोबत पालेभाजी. मग तिचा आवाज सुटला. त्यांच्या भाषेत दुकानाला दुका म्हणतात, गाडीला गारी, विम्याला बीमा. चहा तर चायच, आणि चपाती चपातीच. तिची मुलं माझ्या सासूबाईंना बघितलं की म्हणायची, "शिकामो." मोठ्यांना करायचा नमस्कार तो. मूळ अर्थ ‘मी तुमचे पाय धरतो’. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी त्याचं उत्तर पाठ केलं, "मराहबा," आणि शेवटपर्यंत त्या आपल्या नातवंडांनाही तेच उत्तर द्यायच्या.

मला काय मिळतं म्हणता? सासूबाईंच्या तोंडचा हा शब्द मिळाला.

काही जण माझ्या वतीने मोठं उत्तर देतात. अहो, हेच उद्या त्यांच्या देशाचे प्रमुख होतात, भारताला फायदा आहे. ते खोटं नाही. नायजेरियाचे ओबासांजो १९६५ मध्ये भारतात शिकले होते, बुहारी १९७३ मध्ये नीलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण फिजीचे राबुकाही वेलिंग्टनलाच शिकले आणि त्यांनी १९८७ मध्ये लष्करी उठाव केला. शिकून गेलेला माणूस पुढे काय करेल हे शिकवणाऱ्याच्या हातात नसतं. हा हिशोब दिल्लीने करावा, तिचं कामच आहे ते. त्या थंड डोंगरातल्या पहिल्या रात्री त्यांना कुणी जास्तीची रजई आणून दिली असेल का, एवढंच माझ्या डोक्यात येतं.

"परक्या फौजेची माणसं, भीती नाही वाटत?" हाही प्रश्न असतो. माझ्या घरात काही गोष्टी पक्क्या आहेत. तोफा, कोर्स, कुणाच्या सैन्यात काय चाललंय, यातलं एक अक्षर आम्ही विचारत नाही आणि सांगत नाही. फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवत नाही. कुणी रात्री मुक्कामाला राहिलं तर २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची, मग ती कितीही घरचीच वाटो. हे इतकं सरळ पाळलं की मग संशयाला जागा राहत नाही आणि मोकळेपणाने बोलायला हजार विषय असतात.

सगळ्यात जास्त विषय निघाले ते नेपाळच्या मुलीबरोबर. तिशीची असेल, मला आमा म्हणायची. घटस्थापनेला मी घटाखाली धान पेरत होते, तर ती बघतच राहिली. त्यांच्याकडेही दशैंला घटस्थापनाच म्हणतात आणि जव पेरतात, त्या अंकुरांना जमरा म्हणतात. तिने तिच्या खोलीत जव पेरले, मी माझ्या देवघरात. दसऱ्याच्या दिवशी तिच्या घरचं कुणी मोठं इथे नव्हतं. दशैंला मोठ्यांनी टिळा लावायचा असतो, तांदूळ, दही आणि लाल रंग कालवून, चांगला ठसठशीत, आणि जमरा द्यायचा. तिने ताट माझ्यापुढे धरलं आणि मान वाकवली. मला त्यांचा आशीर्वादाचा मंत्र येत नव्हता. मी म्हटलं, "सुखी राहा, लवकर घरी जा." ती म्हणाली, "घरी जा नको म्हणू आमा, रडू येतं." मग दोघी रडलो.

जायचं मात्र असतंच. कोर्स संपतो, खोकी बांधली जातात, उरलेला तांदूळ आणि कुंड्या माझ्या दारात येतात. ते दिवस मला जड जातात, खोटं कशाला बोलू. ह्यांनी सुरुवातीला एक-दोनदा सुचवलं होतं की आता पुरे, तुला त्रास होतो. पण टांझानियाची ती बाई जाण्याआधीच्या महिन्यात मी एक दृश्य पाहिलं. श्रीलंकेचं एक नवं कुटुंब आलं होतं. मी त्या बाईला भेटायला जाणार, त्याच्या आधीच ही तिला घेऊन बाजारात पोचली होती. कमरेला खांगा, हातात माझीच पिशवी. भाजीवालीला विचारत होती, "मावशी, कोथिंबीर कशी दिली?" आणि नव्या बाईला पिशवीचा एक बंद धरायला लावला होता. मी लांबूनच परत फिरले.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. या आठवड्यात एक नवं कुटुंब आलंय. शनिवारी दहाला माझ्याकडे दहा किलो चिंच फोडायची आहे आणि मी तिला हाताखाली बोलावलंय. दोघींनी उरकणारं काम नाही ते. तुमच्या घरचा एखादा अडकित्ता असेल तर तो घेऊन या.