अंधार हवा होता

नाटक बघून आत्ताच घरी आले आणि मन खट्टू झालंय. प्रयोग उत्तम होता. सभागृहानं निराश केलं.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, तरी दारं उघडीच. उशिरा आलेले लोक टॉर्च मारत खुर्च्यांचे नंबर शोधतायत, "जरा पाय घ्या" म्हणत समोरून जातायत. पहिला प्रवेश असाच वाया गेला. डोअरकीपर शेजारीच उभा होता. प्रवेश संपेपर्यंत लोकांना बाहेर थांबवणं एवढं अवघड आहे का?

त्याहून वाईट मोबाइल. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि पुढच्या रांगेत एक स्क्रीन पेटला की सगळं मुसळ केरात! दुसऱ्या अंकात नायिका पत्र वाचून नुसती उभी राहते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. मुठीत तो कागद ती हळूहळू चुरगाळत होती, त्याचा आवाज ऐकायचा होता मला. नेमका तेव्हाच पुढच्या गृहस्थांनी फोन उचलला. "नाटकाला आलोय, बोल ना!" मी हळूच विनंती केली, तर माझ्यावरच डोळे वटारले.

ती मात्र जागची हलली नाही. यांचं बोलणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली आणि मगच पुढचं वाक्य घेतलं. फार वाईट वाटलं तिच्यासाठी.

व्यवस्थापकांना भेटले तर म्हणाले, "प्रेक्षकांना कोण बोलणार?" लेखी तक्रार देऊन आलेय.