डोळ्याला हात लावायचा नाही

गुरुवार, रात्री पावणेबारा

झोप लागेना म्हणून खाली दुकानात येऊन बसलोय. शटर अर्धं ओढलंय. काउंटरवर मावशींच्या नवऱ्याच्या फोटोची फ्रेम पडलीय, बारा बाय अठरा, काल रात्री जागून तयार केलेली. मगाशी ती पालथी घातली, पण कुणाच्या घरातल्या गेलेल्या माणसाला असं पालथं घालणं बरं वाटेना म्हणून परत सरळ केली.

झालं एवढंच की दुपारी मावशी आल्या. न्यायला मुलगा येणार होता, पण आल्या त्या स्वतः, रिक्षा करून, हातात कापडी पिशवी. मी फ्रेम समोर ठेवली. त्यांनी पदराने चष्मा पुसला, लावला, बघितलं. बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होतो की आता त्यांचे डोळे भरून येतील. खरं सांगतो, त्याचीच वाट बघत होतो, जुना फोटो नवा करून दिला की लोकांचं तसं होतं आणि तेवढ्या एका मिनिटासाठी मी हे काम करतो. मावशी म्हणाल्या, "फोटो लई झ्याक झालाय. पर ह्ये आमचं न्हवंत."

मग कनवटीचे पैसे काढले, बाराशे, मोजून काउंटरवर ठेवले, नको नको म्हणत होतो तरी. आणि म्हणाल्या, जुना कुठाय, त्यो दे माझा मला. जुन्यात काय राहिलंय? काचेला चिकटलेला, अर्धा चिखलाच्या रंगाचा, कोपऱ्यात बुरशीची नक्षी. तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि गेल्या. नवा इथेच ठेवून गेल्या. विसरल्या नाहीत, ठेवून गेल्या.

ह्ये आमचं न्हवंत. तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात. चहा पिताना, पासपोर्ट फोटो कापताना, जेवताना. तीन पासपोर्ट वाकडे कापले आज.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःची बाजू घेत होतो. म्हटलं वय झालंय, नजर गेलीय, सहा वर्षं तो भिजका फोटो गादीखाली ठेवून रोज बघितला असेल त्यामुळे तोच चेहरा डोळ्यात बसलाय. म्हटलं माणूस जाऊन किती वर्षं झाली. पण हे मनाला पटत नाही. चाळीस वर्षं शेजारी बसून जेवलेलं माणूस ओळखायला नजर लागते का?

फोटो २०१९ च्या पुरातला. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्यांच्या गल्लीत पाणी उतरायला आठ दिवस लागले, आणि भिंतीवरची फ्रेम आठ दिवस पाण्यात होती. ब्रोमाईड पेपरवर जो थर असतो ना, ज्यात फोटो असतो, तो जिलेटिनचा, म्हणजे मुळात सरसच, हाडाकातड्यापासून काढलेला. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, आणि वाळताना ज्याला टेकला असेल त्याला धरून बसतो. इथे काच होती, काचेला धरला. लोक मग घाईने ओढून काढतात आणि चेहरा काचेवर राहतो, कागद हातात येतो. त्या वर्षी असे कितीतरी बघितले. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात अलगद धुऊन, तोंड वर करून सावलीत वाळवले असते तर पुष्कळ वाचले असते. पण तेव्हा लोक छावणीत होते, फोटोचं कुणाला सुचणार. मला सुचायला हवं होतं. मी तेव्हा... असो.

मावशींनी ओढला नव्हता, तेवढं बरं. मीही काढायला गेलो नाही, काचेवरूनच कॉपी घेतली. दोन्ही बाजूच्या लाईटवर पोलरायझरची शीट, लेन्सवर पोलरायझर, तो फिरवत गेलं की एका जागी काचेची सगळी चमक जाते आणि खालचा माणूस एकदम वर येतो, तळ्याचं पाणी निवळल्यासारखा. तो क्षण मी परवा अनुभवला. आणि मग काय केलं, तर ती फाईल त्या एआयवाल्या सॉफ्टवेअरला दिली. कारण मावशींचा मुलगा म्हणाला होता दोन मिनिटांत होतंय म्हणे. आणि होतंच. डाग गेले, बुरशी गेली, फेट्याला घड्या आल्या, गालाला कातडी आली, दोन डोळे आले लख्ख. मी खूश झालो. रात्री एक वाजता खूश होऊन बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली छान आहे, झोप आता.

दुकान बंद केल्यावर ती मूळ कॉपी मोठी करून बघायला बसलो. शंभर टक्के, मग दोनशे. डाव्या डोळ्यावर डाग आहे, पण पूर्ण झाकलेला नाही. डागाच्या आतून पापणीची कड दिसते. आणि ती कड खाली आहे. उजव्यापेक्षा खाली, जवळजवळ बुबुळाच्या मध्यापर्यंत. डोळा अर्धा मिटलेला. सॉफ्टवेअरला तिथे डाग दिसला, त्याने दुसऱ्या डोळ्यासारखा डोळा तिथे बसवला. त्याचा काय दोष, त्याने हजारो चेहरे बघून ठेवलेत आणि त्या हजारांत डोळे सारखेच असतात. पण ते मावशींचे मालक नव्हते, हजारांतले कुणीतरी होते. बघायचं काम माझं होतं. मी बघितलंच नाही. पंचवीस वर्षं कॅमेरा धरतोय आणि समोरच्या माणसाचा डोळा बघितला नाही मी.

अण्णा, माझे वडील, असते तर काय म्हणाले असते माहितीय. काहीच म्हणाले नसते, दिवसभर बोलले नसते.

अण्णा टचिंग करायचे ते निगेटिव्हवर, कडक शिशाच्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून. खिडकीपाशी ते उतरतं डेस्क, खाली आरसा, आरशातून उजेड वर काचेवर, काचेवर निगेटिव्ह. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, सगळं टिंब टिंब देऊन भरायचे. एका चेहऱ्याला अर्धा तास. मी शेजारी उभा राहिलो की श्वास रोखायला सांगायचे, टेबल हलतं म्हणून. आणि एक नियम होता, डोळ्याला हात लावायचा नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी फोटो असला आणि घरच्यांनी कितीही सांगितलं तरी नाही. कारण कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

हा फोटोही अण्णांचाच. मागे शिक्का आहे, नंबर आहे. निगेटिव्ह २००५ च्या पुरात गेल्या, खालच्या कपाटात होत्या, पण रजिस्टर माळ्यावर असल्यामुळे वाचलंय. आत्ता तासाभरापूर्वी स्टूल लावून काढलं. १९७८. त्या नंबरापुढे अण्णांच्या अक्षरात, निळ्या शाईत: एनलार्जमेंट एक, कॅबिनेट दोन, आणि शेरा, टचिंग नाही. टचिंगचे पैसे वेगळे पडायचे. म्हणजे मावशींकडे पैसे नव्हते की त्यांनीच नको म्हटलं की अण्णांनी डोळा बघून ठरवलं, त्या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. मी ते दोन शब्द किती वेळ बघत बसलो.

अजून एक आठवलं. ऊटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, त्यांचा इंदू ब्रोमाईड पेपर यायचा, तो वापरायचे अण्णा. मेटॉल, हायड्रोक्विनोन तराजूत तोलून डेव्हलपर स्वतः करायचे. आणि हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणातून, काढलेला प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. आई ओरडायची, नळाला पाणी कमी आणि हे फोटो धुतायत. पण हायपो कागदात राहिला तर प्रिंट काही वर्षांत पिवळा, तपकिरी पडतो. मावशींच्या फोटोत जिथे चिखल पोचला नाही तिथला काळा अजून काळा आहे, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी. नळाला पाणी कृष्णेचंच. टिकावा म्हणून जिच्या पाण्यात तासभर धुतला, तीच घरात येऊन घेऊन गेली.

कितीतरी दिवस झाले, स्वतःसाठी एक फोटो काढला नाही. लग्नं करतो, पण तीही आता ड्रोनवाली पोरं नेतात. दादा फोनवर म्हणतो गाळा भाड्याने दे, मोबाईलचं दुकान टाकायला माणूस तयार आहे. मी काही बोलत नाही. कॅमेरा हातात घेतला की काय बघायचं तेच कळत नाही, सगळं आधीच कुणीतरी काढलेलं वाटतं. पण आज त्या पापणीची कड दिसली तेव्हा छातीत धडधडलं. खरंच. डार्करूममध्ये ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर पहिल्यांदा केस आणि मिशी उमटायची ना, चेहरा नंतर, तेव्हा व्हायचं तसं.

आता परत करायला घेतोय, हाताने. डाग काढायचे ते फक्त जिथे खाली काय आहे हे दिसतंय तिथे. दिसत नाही तिथे राहू दे. फेट्याचा डावा भाग गेलाय, तो गेलेलाच. डोळ्याला हात लावणार नाही.

शनिवार, संध्याकाळ

काल रात्री संपला. सहा बाय आठच काढला, मॅट पेपरवर, मोठं करण्याएवढं त्यात उरलेलं नाही आणि ओढूनताणून मोठा करायचा नाही. आज सकाळी मावशींकडे घेऊन गेलो. कधी गेलो नव्हतो. त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर, खडूने साल लिहिलेलं. आत गेलो तर तो जुना, काचेला चिकटलेला, परत भिंतीवर. त्याच खिळ्याला. खिळा गंजलेला, भिंतीचा रंग नवा, आणि जुन्या फ्रेमचा चौकोन नव्या रंगाखालून अजून फिकट दिसतो, त्यात बरोब्बर बसलाय.

मी नवा काढून हातात दिला. उभ्यानेच बघितला. मग खिडकीपाशी गेल्या, उजेडात बघितला. अंगठा फोटोवर ठेवला, डाव्या डोळ्याच्या खाली, आणि म्हणाल्या, "बैलाचं शिंग लागलं हुतं. बेंदराच्या दिवशी. तेरा वर्साचं हुतं." आणि बसल्या. मग बैलाचं नाव सांगितलं, तो कुठल्या बाजारातून आणला ते, लग्नात सासरच्यांनी डोळ्याचं लपवलं होतं ते, अंतरपाट खाली गेल्यावर पहिल्यांदा दिसला ते, आणि आपल्याला तेव्हा काय वाटलं ते मात्र नाही सांगितलं, हसल्या नुसत्या. एक तास झाला असेल. अण्णांच्या शेऱ्याचं विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि विषय दुसरीकडे गेला.

जाताना यशिका बरोबर नेला होता, किती दिवसांनी फिल्म भरलेली, बारा फोटो. मावशींचा एक त्या भिंतीपाशी काढावा असं मनात होतं. पण त्या बोलत होत्या आणि कॅमेऱ्यात वाकून बघायचं म्हणजे त्यांच्याकडे बघणं थांबवायचं, ते जमेना. निघताना विचारलं, मावशी, परत येऊन तुमचा एक फोटो काढू का. म्हणाल्या, "माझा कशाला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मंगळवारी ये. दुपारचं ऊन येतं हितं."

बाराशे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. नवा फोटो भिंतीवर लावला नाही, ट्रंकेत ठेवला, साडीच्या घडीत. भिंतीवर जुनाच.

येताना घाटावर थांबलो. फिल्मचे बाराच्या बारा तसेच आहेत.