याला पायच नाहीत हो!

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा दुसरा दिवस, 15 जानेवारी. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवरून "काप्यो छे!" (पतंग कापला!) ऐकू आलं की माझ्या पोटात गोळा येतो. थोड्या वेळात कोणीतरी जखमी पक्ष्याचं खोकं छातीशी धरून आमच्या पक्ष्यांच्या दवाखान्याच्या दारात उभं राहणार, हे एव्हाना ठाऊक झालंय.

दुपारी दांडिया बाजारातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. बुटाच्या खोक्यात मुठीएवढा काळा पक्षी चपटा पडलेला. शेजारी मूठभर बाजरी आणि दुधात कुस्करलेली पोळी.

"मांज्यात अडकलं होतं. याने सोडवलं, पण उडत नाही की उभं राहत नाही. अहो डॉक्टर, याला पायच नाहीत हो!" आजींचा आवाज कापत होता. मांज्याने पाय तुटले, असंच त्या धरून बसल्या होत्या.

मी पोटावरची पिसं हळूच फुंकर घालून बाजूला केली. पाय होते. जेमतेम दिसतील एवढे आखूड, पण नखं अशी अणकुचीदार की हातमोज्याला रुतली ती सुटेनात. चारही बोटं पुढे वळलेली, कमरेवर पांढरा पट्टा. पाकोळी! चिमणीची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, म्हणून तिला तार धरून बसता येतं. पाकोळीला फांदी धरताच येत नाही. तिला लागते उभी, खडबडीत भिंत, जुन्या वाड्याची वळचण, कमानीची आतली बाजू. तिथे ती नखांवर लटकते. बाकी आयुष्य हवेतच. घरट्याची पिसं, काड्यासुद्धा उडता उडता टिपायच्या आणि थुंकीने चिकटवायच्या.

"आजी, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "हिच्या शास्त्रीय नावाचा, एपसचा, अर्थच बिनपायांची असा आहे."

नातवाने विचारलं, "मग बाजरी का नाही खाल्ली?"

मी त्याला चोच दाखवली. बाहेरून इवलीशी, पण नखाने कडेला अलगद उघडली तर जबडा थेट डोळ्यांखालपर्यंत फाकला. उडते किडे झेलायचं जाळंच ते. जमिनीवरचा दाणा तिच्या लेखी अन्नच नाही. भरल्या खोक्यात ती उपाशी मेली असती. पोळीने तर वेगळंच संकट केलं होतं. दूध वाळून गळ्याखालची पिसं कडक झाली होती. कोमट पाण्याचा बोळा घेऊन एकेक पीस मोकळं करायला अर्धा तास गेला.

त्या अर्ध्या तासात शेजारच्या टेबलावर एक काळा शराटी पक्षी आला. चिखलात खुपसायची ती लांब, बाकदार चोच शाबूत, पण दंडाचं हाड मोडून बाहेर आलेलं. नव्या स्वयंसेवक मुलीने जखम धुवायला सलाईनची पिचकारी उचलली आणि मी जवळजवळ ओरडलेच, "थांब, पाणी नको!" बऱ्याच पक्ष्यांचं दंडाचं हाड आतून पोकळ असतं आणि शरीरातल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथे ओतलेलं पाणी फुप्फुसापर्यंत पोचतं आणि पक्षी टेबलावरच बुडून मरतो. ओल्या गॉजने नुसतं टिपून घ्यायचं. हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगते. यंदा ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली होती. चूक माझी, पुन्हा सांगायला हवं होतं.

पाकोळीच्या पंखावर नुसता ओरखडा होता. मग उडत का नव्हती? पंख लांबलचक, मिटले की शेपटीपलीकडे जाऊन एकमेकांवर फुली मारतात, आणि पाय इतके तोकडे की सपाट गच्चीवरून उसळी घेणं फार जड जातं. एरवी ती भिंतीवरून स्वतःला सोडून देते आणि पडता पडता पंख उघडते. पण आकाशात मांजा असताना सोडणार कुठे? मग टॉवेलला लटकवून ठेवली आणि दोन-तीन तासांनी जबडा उघडून मऊ किडे घशापाशी ठेवत राहिले. वजन जेमतेम 25 ग्रॅम. तेवढं टिकवायलाही रात्री गजर लावून उठावं लागलं.

18 तारखेला उजाडताच आम्ही नवलखी मैदानावर गेलो. नातू हट्टाने आला होता, कानटोपी घालून. पाकोळीला वर फेकायचं नसतं. हात उंच करून तळवा उघडा ठेवायचा आणि वाट पाहायची. ती बराच वेळ थरथरत राहिली, अंग तापवत. मग तळव्याच्या कडेपर्यंत सरकली आणि खाली घसरली, थेट गवताच्या टोकांपर्यंत. नातवाने माझी ओढणी घट्ट धरली. आणि ती वर उचलली गेली, एक वळसा, दुसरा, मग झाडांच्या पलीकडे एक काळी रेघ.

कडेच्या कडुलिंबावर मांज्याचे झुबके लोंबत होते. हाताला येतील तेवढे आम्ही दोघांनी उतरवले. तो गुंडाळत होता आणि मी कापत होते.