तुम्ही विचारलंत म्हणून: मी वर्गात स्वार्थ शिकवते का?

अर्थशास्त्र शिकवते म्हटलं की दहाव्या मिनिटाला प्रश्न येतोच: "म्हणजे माणसानं स्वार्थी असावं, असंच ना तुमचं?" इतकी वर्षं "तसं नाही हो" म्हणून विषय बदलत आले. आज नाही बदलत.

खाटीक, दारू गाळणारा आणि पाववाला तुमच्या-आमच्या पोटाची सोय करतात ती परोपकारानं नव्हे, स्वतःच्या हितासाठी, हे अठराव्या शतकातल्या ॲडम स्मिथ या अर्थतज्ज्ञाचं वाक्य तुम्हाला पाठ असतं. त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे? रोज कुणाच्या तरी दयेवर जगणं भिकाऱ्याशिवाय कुणाला आवडेल, हेही तो तिथंच म्हणतो. घोटाळा आपल्या शब्दातही आहे. 'स्वार्थ' म्हटलं की समोर 'परमार्थ' उभा राहतो आणि निकाल आधीच लागतो. मी 'स्वहित' म्हणून पाहिलं. मुलं वहीत 'स्वार्थ'च लिहीत.

आणि स्मिथचा तो अदृश्य हात, म्हणजे ज्यानं त्यानं आपलं हित पाहिलं की नकळत सगळ्यांचंही भलं होतं, ही कल्पना! 'वेल्थ ऑफ नेशन्स' या त्याच्या 1776च्या जाडजूड ग्रंथात तो एकदाच येतो, तोही चौथ्या भागात, परदेशापेक्षा आपल्या देशात भांडवल सुरक्षित राहील असं वाटणाऱ्या व्यापाऱ्याच्या संदर्भात. मी मात्र पहिल्याच तासाला फळ्यावर खडूनं हात काढायचे. मुलांना आवडायचा.

मग एकदा एक जुना विद्यार्थी घरी आला. कारखाना चांगला चालला होता. त्याचा एक कामगार सामानाची पेटी आत आणून दाराशीच थांबला होता. मुलगा उत्साहानं सांगत होता, की त्यांच्या धंद्यातल्या सगळ्या मालकांनी आपसांत ठरवलंय: कुणी मजुरी वाढवायची नाही, कुणी कुणाची माणसं फोडायची नाहीत. "तुमचाच धडा, मॅडम. ज्यानं त्यानं आपलं पाहिलं की बाजार नीट चालतो." कामगार जमिनीकडे बघत होता. मी विचारलं, "पाणी आणू का?" खरंच, एवढंच सुचलं.

रात्री स्मिथच्या त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागातलं आठवं प्रकरण काढलं. मजुरी वाढू नये म्हणून मालकांचं नेहमीच आणि सगळीकडे मूक संगनमत असतं. ते इतकं रोजचं, की त्याची चर्चाही होत नाही. त्याच्या काळी मजुरांनी एकी केली तर कायदा आड येई, मालकांच्या एकीला येत नसे. सगळं लिहिलेलं. मी दर वर्षी गाळत आले होते, कारण त्यावर प्रश्न येत नसे.

माझ्यामुळे त्यानं ते केलं का? छे. दुसरं निमित्त शोधलं असतं. पण शोधावं लागलं नाही, हे खरं.

पंचविशीतली मी म्हणाली असती: थांब, एखादा मालक लोभापायी जास्त मजुरी देईल, माणसं ओढेल, करार मोडेल. स्वार्थच कामगाराला वाचवेल! यावर स्मिथ म्हणतो, करार मोडणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांत, बरोबरीच्यांत तोंड दाखवू शकत नाही. इथं मी अडकते. 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' या आधीच्या, 1759च्या ग्रंथात त्यानं माणसाच्या नीतीची उभारणी करताना दुसऱ्यांच्या नजरेला केवढं महत्त्व दिलं होतं. आणि इथं तीच लाज मजुरी दाबून धरते. मग तो मुलगा स्वार्थी होता, की आपल्या मंडळींशी इमान राखणारा? मला अजून ठरवता आलेलं नाही.

हल्ली आठवं प्रकरण आधी घेते. हात त्यानंतर काढते. परीक्षेत तोच विचारतात.