पैलतीराची सुट्टी

सप्टेंबरात जपानमधे एक सुट्टी येते, शूबुन नो हि, दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस. २२ की २३ तारीख ते आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारी राजपत्रात जाहीर होतं. टोकियोत नवीन होते तेव्हा मला वाटलेलं काय सायन्सवाली माणसं आहेत बाबा, सूर्य विषुववृत्तावर आला म्हणून ऑफिसं बंद! मग शेजारच्या आजी डबा घेऊन आल्या आणि कळलं की अरे, हा तर यांचा पितृपक्षच.

त्या दिवसाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन मिळून सात दिवसांना 'हिगान' म्हणतात, आणि हिगान म्हणजे शब्दशः पैलतीर. बौद्धांच्या संस्कृतातल्या 'पारम्' वरून गेलेला शब्द. त्या दिवशी सूर्य बरोब्बर पश्चिमेला मावळतो, अमिताभ बुद्धाचा स्वर्गही पश्चिमेलाच, म्हणून पलीकडे गेलेल्यांची आठवण तेव्हा काढायची, एवढं साधं. सम्राट मेजींच्या काळात, १८७८ पासून, हा दिवस सम्राटांच्या पूर्वजांच्या पूजेचा होता, १९४८ च्या कायद्याने तो सगळ्यांच्याच पूर्वजांचा झाला. हे आपल्याला आवडलं.

आता डबा. त्यात होते ओहागी. मला वाटलं चॉकलेटचे लाडू, चावले तर आत चिकट भात आणि बाहेर अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण! म्हणजे उलटी पुरणपोळीच की, पुरण बाहेर आणि पोळीच्या जागी भात. वेलची नाही, जायफळ नाही, साजूक तुपाचं तर नावच नको, तरी तीन खाल्ले. हागी नावाच्या शरदातल्या फुलावरून ओहागी, आणि हाच पदार्थ मार्चच्या हिगानला केला की बोतान फुलावरून बोतामोची. पदार्थ तोच, नाव सीझनप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी आजींबरोबर स्मशानात गेले. लोक बादलीने पाणी आणून कबरींचे दगड घासतायत, फुलं, उदबत्ती, कुणी गेलेल्या बाबांसाठी बियरचा कॅन ठेवलाय. आजींनीही ओहागी ठेवले, हात जोडले, आणि दोन मिनिटांत उचलून परत पिशवीत! मी बघतच राहिले. त्यांनी बोर्ड दाखवला, खाण्याच्या वस्तू घरी न्या, कावळे पसारा करतात.

वर तारेवर दोन धष्टपुष्ट कावळे बसलेलेच होते. गावाकडे एक कावळा शिवावा म्हणून आमचे काका उन्हात तासभर ताटकळायचे, ते आठवलं आणि आजींचं लक्ष नाही बघून मी पिशवीतला अर्धा ओहागी हळूच मागच्या कट्ट्यावर ठेवला.